रविनाच्या नावाचा रिपोर्ट

रविनाच्या पोटात काहीही नव्हतं. घरात हे दोनच माणसांना ठाऊक होतं, एक ती स्वतः आणि दुसरा तिचा धाकटा दीर कैलास. बाकी अख्ख्या घराला शुक्रवार दुपारपासून आनंदाचं वेड लागलं होतं.

रविवारी सकाळी सासूने, कौसाबाईने, तिच्या हातातला झारा काढून घेतला.

"बस तिकडं. तेलाच्या वाफेत उभं राऊ नको."

"आई, पाहुणे अकराला येतील. वडे तळायचेत अजून."

"मंग मी काय मेले? अंजनी हाय. तू खुर्चीवर बस गपचूप."

प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघरात आणलेली होती. सात वर्षांत या घराने रविनाला स्वयंपाकघरात बसायला पाट दिला नव्हता, आज खुर्ची आली. नणंदेच्या, म्हणजे अंजनीच्या, तिसऱ्या पोराच्या बारशाला याच कौसाबाईने साठ बायकांसमोर सांगितलं होतं, "रविना, तू पाळण्याला हात लावू नको." तिने लावला नव्हता. त्या दिवशी तिने दीडशे माणसांची भांडी घासली होती, आणि आल्यागेल्या बायका म्हणाल्या होत्या, कामाला वाघीण आहे हो तुमची सून.

आता तीच अंजनी वड्याचं पीठ थापताथापता हसून म्हणाली, "वहिनी, आंबट काही खावंसं वाटतंय का गं? कैऱ्या आता मिळायच्या नाहीत, पण चिंच आहे."

"नको ताई."

"लाजतेस काय? पाचवा आठवडा आहे. मी हिशेब केलाय."

हिशेब तिने रिपोर्टवरूनच केला होता. आणि इथेच सगळी माती झाली होती.

अडीच वर्षांपूर्वी कैलासचं उजवं अंडं काढलं. अंडकोष म्हणा, वृषण म्हणा, कसलाही सभ्य शब्द वापरा, ते काढलं, कारण त्यात कॅन्सर होता. सत्तावीस वर्षांचा पोरगा. या घराने गावात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन. केमोने डोक्यावरचे केस गेले तेव्हा सांगितलं, कावीळ झाली, औषध उष्ण पडलं. घरातल्या घरातसुद्धा कॅन्सर हा शब्द नव्हता. कौसाबाई म्हणायची, 'त्या जागेचं दुखणं'. जागा. जशी काही बिल्डरला दिलेली सातबाऱ्यावरची जागा. केमोच्या आधी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वीर्य साठवून ठेवा, पुढे मूल व्हायला उपयोगी पडेल. कौसाबाईने ऐकून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, बाटलीत पोर ठेवायला माझा पोरगा काय लोणचं हाय? विषय संपला. या घरात पुरुषाच्या कमरेखाली काही बिघडतच नाही. बिघडतं ते बाईचं. म्हणून सात वर्षांत रविनाच्या तपासण्या चार डॉक्टरांकडे झाल्या आणि तिच्या नवऱ्याची, साईनाथची, एकदाही झाली नाही.

कैलासबरोबर मुंबईला जायला कोणी नव्हतं. साईनाथला अंबरनाथच्या केमिकल कंपनीत शिफ्ट. कौसाबाईला तिथलं बघवायचं नाही. मग गेली रविना. तिन्ही केमोंना तीच. उलटीची पिशवी तोंडापाशी धरून तीच बसली. म्हणून शेवटी डॉक्टर जे बोलले तेही तिनेच ऐकलं.

"बरा झालास, पण सुटलास असं समजू नको. दर दोन महिन्यांनी रक्त, दर सहा महिन्यांनी सीटी. हा परत येऊ शकतो. लवकर सापडला तर परतसुद्धा बरा होतो. तू तपासायचं सोडलंस तर मी काही करू शकणार नाही."

रक्तातल्या तीन तपासण्यांत एक होती बीटा एचसीजी. बाईला दिवस गेले की रक्तात जे चढतं, तेच हे. पुरुषाच्या रक्तात ते नसल्यात जमा पाहिजे. काही गाठी मात्र ते सोडतात. ते चढलं, तर कॅन्सर परत आला.

पहिलं दीड वर्ष कैलासने सगळं नीट केलं. मग लग्न जमलं. मुलगी वैदेही, अंबरनाथ पूर्वेची, बँकेत नोकरी. तिचा चुलता या पट्ट्यातल्या अर्ध्या लॅबना बाटल्या आणि सुया पुरवतो, रोजचं जाणं-येणं. कैलास उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. उल्हासनगरच्याच एका लॅबमधला धम्मदीप त्याचा दोस्त. धम्मदीप म्हणाला, "भाई, ये टेस्ट जेन्ट्सच्या नावावर टाकली की सगळे वळून बघतात. लेडीजच्या नावावर टाक, कुत्रा पण विचारणार नाही." कैलास स्वयंपाकघरात आला, वहिनीचं आधार कार्ड मागितलं. तिने दिलं. एवढंच केलं तिने. दिलं.

तेव्हापासून कैलासचं रक्त रविनाच्या नावावर तपासलं जाऊ लागलं. सीटी मात्र दुसऱ्याच्या नावावर काढता येत नाही, म्हणून ती दोनदा राहिली. रक्ताचे चार रिपोर्ट चांगले आले. ते धम्मदीपने कागदावर, हातात दिले. पाचव्या वेळी धम्मदीप बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला, आणि लॅबने रिपोर्ट सरळ नोंदवलेल्या मोबाईलवर धाडला. तो रविनाचा मोबाईल होता, आणि दुपारी तो कौसाबाईच्या हातात असतो, कीर्तनाचे व्हिडिओ बघायला. वर काहीतरी आलं म्हणून तिने तो माहेरपणाला आलेल्या अंजनीकडे दिला.

नाव रविना. वय एकतीस. स्त्री. बीटा एचसीजी चारशे बारा. आणि बाईचं नाव असल्यामुळे खाली छापलेला तक्ता, कितव्या आठवड्याला किती असतं त्याचा.

रविना गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरली तोवर तिच्या तोंडात साखर कोंबली गेली होती. बोलायला तोंड मोकळं नव्हतं असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. ते खोटं होतं. साखर विरघळायला किती वेळ लागतो?

त्याच संध्याकाळी तिने कैलासला खाली पार्किंगमध्ये गाठलं.

"भावजी, चारशे बारा आहे."

"मला वाचता येतं वहिनी."

"मग उद्या सकाळी निघू."

"उद्या शनिवार. ओपीडी नसते."

"इमर्जन्सी असते. मला शिकवू नका, तुमच्यापेक्षा जास्त वेळ मी तिथल्या बाकांवर काढलाय."

कैलास बाईकचा आरसा पुसत राहिला. "रविवारी तारीख धरायला येतायत ते. एकदा तारीख धरली, हॉल बुक झाला, की माणसं मागे हटत नाहीत. मग सांगू. रविवारपर्यंत फक्त."

"आणि मी काय करू रविवारपर्यंत? पेढे वाटू?"

"बसा की दोन दिवस आरामात. कधी बसवलंय का तुम्हाला कोणी या घरात?"

तो टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला. शनिवारी दुपारी आडवी झाली तेव्हा तिचा हात आपसूक पोटावर गेला. रिकाम्या पोटावर. तिला स्वतःची किळस आली, पण हात तिने काढला नाही.

आणि आता रविवार होता.

पाहुणे अकराचे साडेअकराला आले. वैदेहीचे वडील रघुनाथ, पांढरा सफारी, बोटात तीन अंगठ्या. आई विठाबाई, ठेंगणी, आवाज खणखणीत. या बाजूने बोलायला कौसाबाईचा भाऊ अनंता, अंजनीचा आणि दोन्ही भावांचा मामा, पंचांग काखेत मारून बसलेला. हॉलमध्ये कैलास नव्या शर्टात, हसत. दोन्हीकडून पान-सुपारीची ताटं झाली, आणि कौसाबाईला काही धीर धरवेना.

"आमच्याकडं डबल आनंद हाय बरं का. थोरलीला दिवस गेलेत. सात वर्षांनी."

विठाबाईने रविनाकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरे वा. कितवा?"

"पाचवा आठवडा," अंजनी म्हणाली.

"पाचवा? मग एवढ्यात सांगायचं नसतं हो. तीन महिने भरू द्यावेत."

"आमच्यात काय लपवायचं नसतं," अनंता मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "जे हाय ते उघडं."

रविनाला हसू आलं. ते तिने पाण्याच्या तांब्यात बघत गिळलं. तेवढ्यात आतल्या दारातून साईनाथने तिला मानेने खूण केली.

मागच्या गॅलरीत कपड्यांची दोरी होती आणि कोपऱ्यात वॉशिंग मशीन. साईनाथ दोन दिवस तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आता तो मशीनला टेकून, तिच्याकडे न बघता बोलला.

"पाच आठवडे."

रविनाने दोरीवरचा चिमटा काढून हातात धरला.

"मी गणपतीपासून हॉलमध्ये झोपतोय, रविना. दिवाळी होऊन गेली."

"मला माहीत आहे."

"कंपनीत पोरांनी पेढे मागितले काल. मी दिले." त्याने ओला टॉवेल दोरीवर उगाच सरळ केला. "ऐक. कोणाचं आहे ते मला सांगू नको. मला ऐकायचंच नाही. ठेव. लोक माझंच म्हणणार आहेत."

रविनाला वाटलं होतं तो मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. हा माणूस परक्याचं पोर पदरात घ्यायला तयार होता, पण सात वर्षांत एका डबीत स्वतःचा नमुना द्यायला तयार झाला नव्हता.

"साईनाथ, मला दिवस गेलेले नाहीत."

"रिपोर्ट..."

"रिपोर्टवर नाव माझं आहे, रक्त कैलासचं. फेब्रुवारीपासून तो माझ्या नावावर तपासतोय. पोरीच्या चुलत्याला कळू नये म्हणून."

साईनाथ तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याचा चेहरा आधी सैल पडला. सुटल्यासारखा. बायको फिरली नव्हती. मग दुसरं कळलं.

"म्हणजे परत?"

"परत. चारशे बारा. दोनपेक्षा कमी पाहिजे."

तो खाली, फरशीवरच बसला. "आईला ठाऊक आहे?"

"आई नातवाचं नाव ठरवतायत."

आतून मामाचा आवाज आला, सोळा फेब्रुवारी कशी वाटते? साईनाथने तिचं मनगट धरलं. "आत्ता बोलू नको. पाहुणे उठू देत. अर्धा तास. रविना, माझं ऐक, अर्ध्या तासाने काय होतंय?"

हेच कैलासने दोन दिवसांपूर्वी म्हटलं होतं, रविवारपर्यंत काय होतंय. डॉक्टरने सीटी सांगितली तेव्हा म्हटलं होतं, सीझन संपू दे, एका महिन्याने काय होतंय. थोडा वेळ, थोडा वेळ करत या घराने त्या पोराचं आयुष्य लोकांना काय वाटेल याच्या हवाली केलं होतं. आणि त्यात दोन दिवस तिचे स्वतःचे होते. खुर्चीवर बसून काढलेले.

तिने मनगट सोडवलं आणि हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

"सोळा फेब्रुवारी, सोमवार येतोय," रघुनाथ म्हणत होते. "आमच्याकडची माणसं नोकरदार. रविवार बघा."

"मग बावीस," मामाने पान उलटलं. "काय नवरदेव, बावीस चालेल?"

"तुम्ही म्हणाल ती," कैलास हसला, आणि हसताना त्याने पाठीमागची उशी सरकवली. रविना ते सरकवणं मोजत नव्हती, पण तिला दिसत होतं. मघाशी डावीकडे, मग खाली, आता परत डावीकडे. महिनाभर तो म्हणत होता कमर धरते, टेबलाशी उभं राहून कापड कापावं लागतं ना. आणि तिला आठवलं, पहिल्या वेळी डॉक्टरने फोटोवर पेन ठेवून दाखवलं होतं, हा वर चढतो तो इथे, पोटाच्या मागे, कण्याजवळच्या गाठींत. पाठ दुखायला लागली तर घरी बाम चोळत बसू नका.

"तारीख धरू नका," रविना म्हणाली.

मामाने चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"भावजींना आधी दवाखान्यात न्यायचंय. तो रिपोर्ट माझा नाही, त्यांचा आहे. अडीच वर्षांपूर्वी त्यांना हर्निया नव्हता. अंड्याचा कॅन्सर होता. एक काढलंय. आता परत आलाय."

रघुनाथांच्या हातातला वडा हातातच राहिला.

"रविना," मागून साईनाथ म्हणाला. त्या एका शब्दात काही नव्हतं. ना थांब, ना बोल.

सगळ्यांनी कैलासकडे पाहिलं. रविनानेही पाहिलं. तिला वाटलं, आता तो मान खाली घालेल आणि सुटेल. तिन्ही केमोंना ज्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, तो पोरगा तिच्या डोळ्यात बघून म्हणाला,

"वहिनींची तब्येत बरी नाहीये. सात वर्षं झाली, लोक बोलतात, डोक्यावर परिणाम होतो माणसाच्या. दिवस गेल्यापासून असं कायतरी बोलतायत."

"भावजी."

"हर्निया होता मला. मामा, सांगा ना यांना."

"हर्नियाच," मामा म्हणाला. "मी होतो की दवाखान्यात." तो नव्हता. तो एकदाही आला नव्हता.

कौसाबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मना ठाव होतं. हिला माझ्या कैलासचं भलं बघवत नाय. स्वतःचं एवढं चांगलं झालं तरी नाय. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, अभद्र तोंड."

"आई, माझं काही झालेलं नाही. माझ्या पोटात काही नाही."

"गप बस. पोटातलं ऐकतं."

अंजनी रडकुंडीला आली. "वहिनी, असं काय करतेस गं? रिपोर्टवर तुझं नाव, तुझं वय आहे. मी वाचलंय."

"नाव दिलं मी, ताई. रक्त नाही दिलं."

"बघा," कैलास पाहुण्यांकडे वळून हसला. "नाव दिलं, रक्त नाही दिलं. काय अर्थ आहे का याला?"

रघुनाथांनी वडा ताटात ठेवला आणि रुमालाला हात पुसले. "हे बघा, आम्हाला तुमच्या घरातलं काही माहीत नाही. पण आमची एकुलती एक पोर आहे. कोण खरं, कोण खोटं, ते..."

"ते कळायला पाच मिनिटं लागतात," विठाबाई मध्येच म्हणाली. रविना बोलल्यापासून ती नुसती कैलासच्या पाठीमागच्या उशीकडे बघत होती. "मी एकोणीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आया आहे. एवढं भांडता कशाला? खाली मेडिकल आहे ना? पट्टी आणा. सून म्हणते पोटात नाही, सासू म्हणते आहे. पट्टी सांगेल."

"काय गरज नाय," कौसाबाई म्हणाली.

"मला गरज आहे. माझी मुलगी द्यायचीय."

अंजनी चप्पल न घालताच खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन पट्ट्या होत्या. घाईत एक बिघडली तर दुसरी असावी, म्हणून. पाकीट फोडताफोडता तिने आईला समजावलंही. कौसाबाई पाचवीपर्यंतसुद्धा शिकलेली नाही. एक रेघ म्हणजे नाही. दोन रेघा म्हणजे आहे.

रविना बाथरूममध्ये गेली. तिला हे नवीन नव्हतं. सात वर्षांत अशा किती पट्ट्या तिने कागदात गुंडाळून कचऱ्यात खोल दाबल्या होत्या. पहिल्यांदाच ती पट्टी लपवायची नव्हती. ती बाहेर आली, आणि टीपॉयवर, वड्यांच्या ताटाशेजारी ठेवली. सगळे वाकले. पाच मिनिटं, विठाबाईने मोबाईलवर घड्याळ लावून. एक रेघ.

"लवकर हाय अजून," कौसाबाई म्हणाली. "एवढ्यात दिसत नसल."

"पाचव्या आठवड्याला दिसतंच, बाई," विठाबाई म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला. "तुमच्या सुनेच्या पोटात काही नाही."

कौसाबाई हळूच सोफ्याच्या कडेवर टेकली. तिच्याकडे बघवेना. रविनाला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. दोन दिवसांची का होईना, आजी झाली होती म्हातारी.

"म्हणजे लॅबवाल्यांची चूक," कैलास म्हणाला. त्याचा आवाज किंचित वर गेला होता. "आजकाल काय, कोणाचं पण रक्त कोणाच्या पण नावावर. मामा, बावीस म्हणालात ना?"

रविनाने दुसरी पट्टी उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"घ्या भावजी. मी खोटी असेन तर एकच रेघ येईल."

मामा मोठ्याने हसला. "पुरुषाला? अगं बाई, पुरुष कधी गरोदर राहतो का?" रघुनाथही, एवढ्या सगळ्यात, हसले. मोठा सुटल्यासारखा हशा झाला, आणि त्यात कैलासही हसला. हसताहसता त्याने विठाबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग थोरल्या भावाकडे. साईनाथ दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता, डोळे मिटून.

"जा कैलास," साईनाथ म्हणाला. "लॅबची चूक असेल तर कळेल."

कैलासचं हसू तोंडावर राहिलं आणि त्याच्या मागून सगळं निघून गेलं. त्याने वहिनीच्या हातातून पट्टी घेतली. उठताना कमरेला हात लागला, तो त्याने लगेच काढला.

बाथरूमचा नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला. मामा पंचांग मिटायचं की उघडं ठेवायचं हे ठरवत बसला. मग नळ बंद झाला, तरी दार उघडलं नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. रविना दाराशी गेली.

"भावजी."

कडी निघाली. कैलास बाहेर आला. नवा शर्ट पुढून भिजलेला, तोंड धुतलेलं. त्याने पट्टी टीपॉयवर रविनाच्या पट्टीशेजारी ठेवली, अगदी सरळ रेषेत, कापडाची कड जुळवावी तशी. मग तो कोणाकडेही न बघता भिंतीला टेकून उभा राहिला.

विठाबाईने बघितलं, आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "चला."

"म्हणजे काय आलं?" रघुनाथ.

"चला म्हटलं ना." पदर सावरून ती उठली. दारापाशी थांबून ती साईनाथला म्हणाली, "उद्या पहिल्यांदा याला घेऊन जा. लग्नाचं आपण मग बोलू." ते मग कधी येणार नाही हे सगळ्यांना कळलं. खालून त्यांच्या गाडीचा आवाज आला आणि फाट्याकडे गेला.

कौसाबाई अजून टीपॉयवरच बघत होती. तिने हात लांब करून कैलासची पट्टी उचलली, खिडकीकडे धरली, जवळ नेली, लांब नेली.

"हिच्यावर दोन हायेत," ती म्हणाली. क्षणभर तिचा चेहरा उजळला, नुकतंच शिकलेलं ओळखता आलं म्हणून. "दोन म्हंजे हाय ना गो, अंजनी?"

अंजनीने तोंडात पदर कोंबला.

"अंजनी, तूच बोललीस ना? दोन म्हंजे हाय."

"हो आई," रविना म्हणाली. "दोन म्हणजे आहे."

कौसाबाईने पट्टीकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या पोराकडे पाहिलं, मग रविनाच्या पोटाकडे.

"मंग ते हिच्यात का नाय गेलं?"

ती पट्टी मुठीत धरून तशीच बसून राहिली.

मामा उठला. पंचांग काखेत घेतलं, चपला शोधू लागला, बदलापूरला कोणाकडे तरी पूजा आहे म्हणाला. त्याला कोणी थांबवलं नाही.

"मला परत ते नको," कैलास म्हणाला. भिंतीशी बोलावं तसा. "ती सुई, ती उलटी. मला वाटलं लग्न झालं की मला कोणीतरी असेल. मग आलं असतं तरी चाललं असतं." आणि थोड्या वेळाने, "उद्या किती वाजता निघायचं?"

"पाच चाळीस," रविनाच्या तोंडून निघून गेलं. पाठ होतं तिला.

"कोण येणार माझ्याबरोबर?"

साईनाथने तोंड उघडलं. "मला उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. सुपरवायझर नवीन आहे. मी बघतो, बदली मिळाली तर." अंजनी म्हणाली, पोरांची परीक्षा आहे. कौसाबाई म्हणाली, मना तिथलं बघवत नाय.

कैलासने कोणाचंच ऐकलं नसावं. तो, पोटात काही नसलेल्या, डोक्यावर परिणाम झालेल्या, दिराचं भलं न बघवणाऱ्या त्या बाईकडे बघत होता. मग साईनाथने तिच्याकडे पाहिलं. मग अंजनीने. शेवटी, मुठीतली पट्टी न सोडता, कौसाबाईनेही.